मी तिला ‘झालं’ म्हणालो होतो

संघमित्रा गजभिये गेल्याची बातमी मला पूर्णिमानं दिली. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. मी विभागात एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रयोगवह्या तपासत बसलो होतो. फोनवर पूर्णिमाचं नाव दिसलं तेव्हा वाटलं, माझी जुनी विद्यार्थिनी, तिला कॉलेजात नोकरी लागून वर्ष झालं, एखादं शिफारसपत्र हवं असेल. ती एवढंच म्हणाली, “सर, मित्रा दीदी नहीं रहीं.” काविळीचं निमित्त झालं, यकृतानं काम सोडलं, अकरा दिवसांत सगळं आटोपलं. अंत्यविधी सकाळीच उरकला होता. म्हणजे मी वर्गात हजेरी घेत होतो त्या वेळी... ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होती.

याला आता सात आठवडे झाले. तिच्याबद्दल कुठं दोन ओळी छापून आल्या नाहीत. तसं तिचं पदही नव्हतं. आमच्या रायपूरच्या संस्थेत ती कंत्राटावर होती आणि तिचं काम एका वाक्यात सांगायचं तर, देशाच्या महासंगणकावर काम करणाऱ्या संशोधकांना शिकवणं आणि त्यांचं अडलं की सोडवणं. हा महासंगणक रायपुरात नाही, दूरच्या एका शहरात आहे. आपण इथं आपल्या साध्या संगणकावर बसायचं, आपलं गणित तारेवरून तिकडे पाठवायचं, ते रांगेत लागतं, नंबर आला की सुटतं आणि उत्तर परत येतं. ऐकायला सोपं वाटतं. पण पाठवताना एक अक्षर चुकलं तर चार दिवस रांगेत उभं राहून गणित पहिल्याच पायरीवर कोसळतं, आणि पडद्यावर जे इंग्रजी उमटतं त्यावरून माणसाला आपलं काय चुकलं ते काही केल्या कळत नाही. तेव्हा छत्तीसगडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचे संशोधक संघमित्राला फोन लावत. मुलं तिला मित्रा दीदी म्हणत. प्राध्यापक मंडळी ‘ती कंप्युटरवाली मॅडम’ म्हणत. त्यात मीही होतो.

तिची माझी ओळख भांडणानं झाली. सेवा नवीनच सुरू झाली होती. मी कुणाला न विचारता खातं उघडलं आणि एका रेणूचं भलंमोठं गणित सुरू करून जेवायला गेलो. परत येतो तर ते बंद पडलेलं. पाठोपाठ फोन आला. शुद्ध हिंदीत, अगदी नम्रपणे एक बाई मला सांगत होती की सरांनी गणित जिथं चालवायला नको तिथं चालवलं, त्यामुळं बाकीच्या शहरांतल्या लोकांना आत शिरताच येईना, म्हणून तिला ते थांबवावं लागलं. मी चिडलो. मला विचारल्याशिवाय माझं काम थांबवणाऱ्या तुम्ही कोण, असं काहीतरी बोललो. रागाच्या भरात एक-दोन शब्द मराठीत गेले असावेत. त्याबरोबर तिनं सरळ नागपुरी वळणाची मराठी सुरू केली. “सर, ते स्टेशनचं गेट आहे. सगळे तिथूनच आत येतात. अन् तुम्ही गेटमध्येच चूल मांडून राहिले. म्हणून मले उचला लागली.”

मला हसू आलं नाही तेव्हा. पण संध्याकाळी घरी बायकोला सांगताना आलं.

तिचे वडील रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीनं रायपूरला आले आणि इथलेच झाले. संघमित्राचं सगळं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं, त्यामुळं तिच्या बोलण्यात महासंगणकाचं सुद्धा स्टेशन होऊन जाई. आम्ही मराठ्यांच्या राज्यापासून रायपूरच्या बुढापारा वस्तीत राहणारे, घरात पूजाअर्चा, मराठी पुस्तकं, आणि आपली मराठी शुद्ध असल्याची उगाच एक ऐट. खरं तर आमच्या घरातही मुलं आता हिंदीतच उत्तर देतात. तिची मराठी मात्र जिवंत होती. ती कंत्राटी होती, मी कायम. ती एम.एस्सी., मी डॉक्टर. आणि आणखीही एक अंतर होतं, जे आमच्यासारख्या घरांत कधी बोललं जात नाही पण चहाचा कप पुढं करतानाही असतं. ते नव्हतं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल.

तिचं शिकवणं मी पहिल्यांदा पाहिलं ते एका तीन दिवसांच्या कार्यशाळेत. बस्तरपासून अंबिकापूरपर्यंतची पंचवीस-तीस संशोधक मुलं आली होती. बहुतेकांनी असल्या यंत्राचं नाव फक्त ऐकलेलं. वरून आलेला अभ्यासक्रम इंग्रजीत होता. तो तिनं पडद्यावर लावला, पहिलं पान दाखवलं आणि बंद केला. मग हिंदीत, मध्येच छत्तीसगडीत, तिनं सगळ्यांना सांगितलं की पहिलं गणित मुद्दाम चुकीचं पाठवा. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिचं म्हणणं असं, की मोठं यंत्र आपल्या चुकीनं मोडत नाही, ते फक्त नाही म्हणतं, आणि ते नाही कसं म्हणतं हे एकदा डोळ्यांनी बघून घेतलं की भीती जाते. अर्ध्या तासात सगळ्यांची गणितं धडाधड कोसळली आणि खोलीत हशा पिकला. मी मागच्या बाकावर बसून होतो. वीस वर्षं शिकवूनही मला कधी सुचलं नव्हतं की आधी पोरांची भीती काढावी... मी आधी ती घालत आलो होतो.

त्या कार्यशाळेत पूर्णिमा साहू होती. अभनपूरच्या पलीकडच्या एका गावातली, घरात शिकलेली पहिलीच. माझ्याकडे पीएच.डी.ला नुकती लागली होती. आमच्या भागात सिकल सेल हा रक्ताचा आजार नवा नाही, पण पूर्णिमाच्या घरात तो रोजचा होता. तिच्या मोठ्या बहिणीला तो आहे. अंगातले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि माणूस हाडं फुटल्यासारखा कळवळतो. ते रेणू नेमके कुठं, कसे चिकटतात, हे संगणकावर क्षणाक्षणानं बघायचं, असा पूर्णिमाचा विषय. विषय तिनंच आणला होता. मी फक्त हो म्हणालो. साध्या संगणकावर या कामाला जन्म गेला असता. संघमित्रानं तिला बाजूला बसवून शिकवलं, महिनाभर रोज शिकवलं. पुढं पाच महिने पूर्णिमाची गणितं त्या दूरच्या यंत्रावर चालली आणि त्यांची उत्तरं तिथल्याच साठवणुकीत जमत गेली.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून पुढचं आहे. ते सांगायचं नसतं तर मी हा लेख लिहायला बसलोच नसतो.

त्या यंत्रावरची ती जागा तात्पुरती असते. संघमित्रा मुलांना सांगायची, तो फलाटावरचा बाक आहे, गाडी येईपर्यंत बॅग ठेवा, संसार मांडू नका. ठरावीक दिवसांनी ती जागा साफ होते. त्याआधी आपली उत्तरं आपल्याकडे उतरवून घ्यायची. त्या काळात खातं मार्गदर्शकाच्या नावावर असे आणि साफसफाईची सूचनाही मार्गदर्शकालाच जाई. मला संघमित्राचा मेल आला होता. मी तो उघडला, ‘बघतो’ एवढं उत्तर टाकलं आणि विसरलो. पूर्णिमाला सांगितलं नाही. आठवड्यानं संघमित्राचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, थोडा वेळ मिळेल का बघा. तिनं वर बोलून आमच्यासाठी आठ दिवस वाढवून घेतले. आठवा दिवस आला तेव्हा मी नागपूरला भाचीच्या साखरपुड्यात होतो. पूर्णिमा बहिणीला घेऊन दवाखान्यात होती, तिचा फोन लागत नव्हता, म्हणून संघमित्रानं मला लावला. हॉलमध्ये सनई लावलेली, कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं.

“सर, पूर्णिमाचं सगळं उतरवून घेतलं ना? उद्या तिकडे साफ होऊन राहिलं.”

“हो, झालं.”

“सगळं ना सर?”

“झालं म्हणतोय ना,” मी म्हणालो आणि फोटोला जाऊन उभा राहिलो.

मी खोटं का बोललो? वाईट हेतू नव्हता. मला वाटलं असावं की पूर्णिमानं उतरवलंच असेल, हुशार मुलगी आहे. किंवा एका कंत्राटी मुलीनं मला तिसऱ्यांदा तेच विचारावं याचा कंटाळा आला असावा. दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

चार दिवसांनी पूर्णिमा गावाहून परतली, तिनं खातं उघडलं आणि पाच महिन्यांचं काम तिथं नव्हतं. ती माझ्या खोलीत आली तेव्हा रडत नव्हती. तिनं विचारलं, सर, सूचना आली होती का? मी म्हणालो, “मित्रा से पूछो.” माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं.

प्रकरण वाढलं, कारण त्याच साफसफाईत आणखी दोन विभागांची थोडीफार उत्तरं गेली होती आणि ती मंडळी माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलत होती. अधिष्ठात्यांच्या खोलीत बैठक झाली. आम्ही सहा जण होतो. संघमित्रा भिंतीकडच्या खुर्चीत, मांडीवर एक निळी फाईल. त्या फाईलमध्ये माझं ‘बघतो’ होतं, हे मला माहीत होतं आणि मला ते माहीत आहे हे तिलाही. अधिष्ठात्यांनी विचारलं, सगळ्यांना कळवलं होतं का? ती म्हणाली, मेल गेले होते, फोनही केले होते. मग त्यांनी विचारलं, फोनवर कुणी काय उत्तर दिलं? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होतो. ग्लासावर कागदाचं झाकण होतं, त्याचा एक कोपरा भिजलेला... मला तो कोपरा अजून दिसतो.

“याद नहीं है सर,” ती म्हणाली. “मुझे लिखित में लेना चाहिए था. वो मैंने नहीं लिया.”

राज्यभरातल्या दीडशे-दोनशे खात्यांपैकी कोणाच्या गणितात कोणती चूक झाली होती हे तिला तोंडपाठ असे. तिला आठवत नव्हतं यावर त्या खोलीत कुणाचाच विश्वास बसला नसणार. तरी तसं कुणी म्हटलं नाही. तिच्या नावावर निष्काळजीपणाची नोंद झाली. बाहेर पडल्यावर व्हरांड्यात ती माझ्याजवळून गेली, नमस्कार केला, थांबली नाही. मला त्या वेळी जे वाटलं त्याला हायसं वाटणं म्हणतात. लाज नंतर आली, हळूहळू, आणि मग गेली नाही.

पूर्णिमाला मी हे सगळं सांगितलं ते गेल्या महिन्यात. ती म्हणाली, “मालूम था सर. मेल तो आप ही के पास आता था.”

त्या बैठकीनंतरच्या दुसऱ्याच दिवशी संघमित्रा पूर्णिमाला घेऊन पुन्हा बसली. जुनी पद्धत तिनं मोडली. गणिताचे तुकडे कसे करायचे, यंत्राचे किती भाग एका वेळी वापरले तर वेळ वाया जात नाही, हे तिनं आठ-दहा प्रकारे करून पाहिलं. दर काही तासांनी गणितानं आपण कुठं पोचलो ते स्वतःच लिहून ठेवावं आणि ते आपोआप रायपूरच्या संगणकावर उतरावं, अशी सोय करून दिली. पाच महिन्यांचं काम सव्वादोन महिन्यांत परत उभं राहिलं. मी अधूनमधून खोलीत डोकावायचो. दोघी शेजारी बसलेल्या, मध्ये डब्यातली भाजी-पोळी, पडद्यावर आकड्यांच्या ओळी. “कइसे, समझ आइस?” संघमित्रा विचारायची. “हव दीदी,” पूर्णिमा म्हणायची. मी दिसलो की दोघी उभ्या राहायच्या. मला सांगायचं असायचं, बसा. तेही मी फारसं म्हणालो नाही.

वर्ष संपलं तेव्हा तिचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. कारण म्हणून वेगळंच काही कागदावर आलं, नवीन पद्धतीनं भरती वगैरे. पण फाईलमध्ये ती नोंद होती आणि नोंद कुणामुळं होती हे एका माणसाला माहीत होतं. निरोपसमारंभ झाला नाही. कंत्राटी माणसांचा होत नाही. तिनं पुरानी बस्तीतल्या एका खासगी शाळेत संगणक शिकवायला सुरुवात केली. लहान मुलांना चित्रं काढायला शिकवते असं कुणीतरी सांगितलं, आणि मी, बरं झालं, काहीतरी मिळालं, असं म्हणालो.

पूर्णिमाचा प्रबंध झाला. आभाराच्या पानावर तिनं पहिलं नाव संघमित्राचं लिहिलं होतं. कच्ची प्रत माझ्याकडे आली तेव्हा मी पेनानं एक बाण काढला, आणि समासात लिहिलं की प्रथेप्रमाणे मार्गदर्शकाचं नाव आधी येतं. तिनं बदललं. प्रबंधाची ती बांधीव प्रत माझ्या कपाटात आहे. त्यात माझं नाव पहिलं आहे.

संघमित्रा मला शेवटची भेटली ती जाण्याच्या आठ-नऊ महिने आधी, बुढा तलावाजवळच्या फळवाल्याकडे. स्कूटर बाजूला लावून पेरू निवडत होती. थोडी वाळली होती. तिनंच हाक मारली. पूर्णिमाची चौकशी केली, तिच्या बहिणीची केली, माझ्या गुडघ्याची सुद्धा केली. मग म्हणाली, सर, या ना एकदा घरी, बाबांना मराठी बोलायला कोणी मिळत नाही. मी म्हणालो, येतो. त्या दिवशी तिथंच सांगता आलं असतं. फळवाल्याशिवाय कुणी नव्हतं. मी पेरू घेतले आणि घरी आलो.

गेलो, पण ती नसताना. गेल्या रविवारी सकाळी. घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली संघमित्राचा फोटो. तिचे वडील, गजभिये काका, ऐंशीच्या घरातले, ताठ, इस्त्रीचा शर्ट. मी नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, चहा ठेवला. मी वाट बघितली नाही, कारण वाट बघितली असती तर पुन्हा उठून आलो असतो. चहा उकळत असतानाच मी त्यांना सांगितलं. मेल, फोन, ‘झालं’, अधिष्ठात्यांची खोली. त्यांनी गॅस बारीक केला आणि सगळं ऐकून घेतलं.

“तिनं मले सांगतलं होतं,” ते म्हणाले. “एका सरांनी झालं म्हणून सांगतलं अन् केलं नव्हतं. नाव नाई सांगतलं. मी म्हणलं, काहून नाई घेतलं नाव तू? तर म्हणे, बाबा, नाव घेतलं तर ते सर त्या पोट्टीवर राग काढतीन. तिचं पीएचडी अडकून जाईन.”

इतकी वर्षं मी समजत होतो की तिनं मला वाचवलं. कुठंतरी मनात असंही धरून बसलो होतो की माझ्याबद्दलच्या आदरापोटी वाचवलं. तिनं मला वाचवलंच नव्हतं. तिनं पूर्णिमाला माझ्यापासून वाचवलं होतं. आणि मी खरंच पूर्णिमावर राग काढला असता का? त्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी स्वतःला विचारलं. पेनानं काढलेला तो बाण आठवला. नसता काढला, असं मला म्हणता आलं नाही. काकांनी चहा गाळला आणि माझ्या हातात दिला.

आम्ही चहा पीत होतो तेव्हा फोन वाजला. आतल्या टेबलावर तिचा मोबाइल होता, चार्जरला लावलेला. काका उठले, चष्मा लावला, फोन उचलला. बंद का नाही केला, असं मी नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोरं लावतात ना अजून, बंद लागला तर काय करतीन. त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. तिच्या अक्षरातली, हिंदीत आणि मराठीत मिसळून लिहिलेली. संस्था सुटली तरी संशोधक मुलं अडलं की तिलाच फोन लावत, म्हणून शाळेत लागल्यावर तिनं ती करायला घेतली होती. फोन घरी ठेवून आपण वर्गात असताना तो वाजला, तर बाबांनी निदान काय सांगावं यासाठी. पलीकडे कोणी मुलगा असावा, काकांनी त्याला नाव विचारलं, कुठून बोलतो विचारलं, पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर अक्षर वाचायला लावलं. चाळीस वर्षं सिग्नलवर काढलेल्या माणसाच्या धीरानं बोट फिरवत त्यांनी पान शोधलं आणि हळूहळू वाचून दाखवायला लागले. मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं. मी नेहमी तिलाच विचारत आलो.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर, सगळ्या पानांच्या आधी, तिनं बाबांसाठी चार ओळी लिहिल्या होत्या.

‘बाबा, आधी नाव विचारा. मग शेवटचं काय केलं ते विचारा. चूक त्यांचीच असन तरी लगेच सांगू नका. घाबरून फोन ठेवून देतात.’